‘महाराष्ट्र देशात दुसरा’ म्हणण्याआधी: गुन्ह्यांची आकडेवारी वाचायची कशी

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, ‘क्राइम इन इंडिया’ अहवाल आला की दोन-तीन दिवस मथळ्यांचा पाऊस पडतो. २०२२ चा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा आपल्याकडे गाजलेली ओळ होती: महिलांवरील अत्याचारात महाराष्ट्र देशात दुसरा. आकडा खरा होता. उत्तर प्रदेशात ६५,७४३ गुन्हे, महाराष्ट्रात ४५,३३१, राजस्थानात ४५,०५८. मूळ तक्ता मात्र फार थोड्यांनी उघडला असावा, कारण त्याच तक्त्यात, त्याच ओळीत, चार रकाने सोडून वेगळीच गोष्ट लिहिलेली होती.

हा लेख तो तक्ता वाचायला शिकवण्यासाठी आहे. पत्रकार, विद्यार्थी, नगरसेवक, सोसायटीच्या ग्रुपवर ‘हे खरं आहे का?’ विचारणारी माणसं, सगळ्यांसाठी. गणित चौथीच्या भागाकारापलीकडे जात नाही.

पहिली पायरी: मूळ तक्ता उघडा आणि पूर्ण ओळ वाचा

अहवाल एनसीआरबीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, तीन खंडांत. राज्यांचे, महानगरांचे, महिलांचे, बालकांचे, अनुसूचित जाती-जमातींचे, सायबर गुन्ह्यांचे वेगळे भाग आहेत. महाराष्ट्रापुरतं आणि जिल्हावार पाहायचं असेल तर पुण्याच्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचा ‘क्राइम इन महाराष्ट्र’ जास्त कामाचा.

महिलांवरील गुन्ह्यांच्या राज्यवार तक्त्यात तीन वर्षांचे आकडे, देशातला टक्का, महिलांची अंदाजित लोकसंख्या, गुन्ह्यांचा दर आणि दोषारोपपत्राचा दर असे रकाने असतात. मथळा पहिल्या रकान्यांवर होतो. डोळे दराच्या रकान्यावर न्या: महाराष्ट्र दर लाख महिलांमागे ७५.१, उत्तर प्रदेश ५८.६, देशाची सरासरी ६६.४. दिल्ली १४४.४, हरियाणा ११८.७, तेलंगणा ११७, राजस्थान ११५.१. म्हणजे महाराष्ट्र सरासरीच्या वर आहे, पण दुसरा नाही. संख्येत पहिलं असलेलं उत्तर प्रदेश तर सरासरीच्याही खाली.

खुनांचंही तसंच. २०२२ मध्ये महाराष्ट्रात २,२९५ खून झाले, संख्येने उत्तर प्रदेश आणि बिहारनंतर तिसरा क्रमांक. दर मात्र लाखामागे १.८, देशाचा २.१. एकच अहवाल हातात धरून ‘महाराष्ट्र खुनांत तिसरा’ आणि ‘महाराष्ट्रात खुनाचं प्रमाण देशापेक्षा कमी’ ही दोन्ही वाक्यं छापता येतात, आणि दोन्ही खरी आहेत. कोणतं वाक्य निवडलं, यावरून निवडणाऱ्याचा कल कळतो.

‘दर तासाला इतके गुन्हे’ हा प्रकार याच जातीचा. देशभरातल्या महिलांवरील गुन्ह्यांच्या ४,४५,२५६ या एकूण आकड्याला वर्षातल्या ८,७६० तासांनी भागलं की ५१ येतात आणि मथळा तयार. पण लोकसंख्या वाढली की हे घड्याळ आपोआप जोरात पळतं. लक्षद्वीपचं घड्याळ कायम मंद, उत्तर प्रदेशाचं कायम सुसाट. त्यातून सुरक्षिततेबद्दल काहीच कळत नाही. मी तो आकडा पाहिला की पुढची बातमीही जरा सावधपणेच वाचतो.

दुसरी पायरी: कशाने भागलंय ते विचारा

दर काढला म्हणजे काम झालं, असं नाही. भागाकाराच्या खालचा आकडा हीच खरी मेख, आणि शहरांच्या बाबतीत ती हमखास टोचते.

राज्यांसाठी एनसीआरबी त्या वर्षाच्या मध्याची अंदाजित लोकसंख्या वापरतं. हे अंदाज २०११ च्या जनगणनेवर उभे आहेत, कारण २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. महिलांवरील गुन्ह्यांसाठी फक्त महिलांची लोकसंख्या, बालकांवरील गुन्ह्यांसाठी बालकांची. म्हणून महिलांच्या तक्त्यातला दर आणि एकूण गुन्ह्यांचा दर शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

महानगरांसाठी तर २०२२ च्या अहवालातही थेट २०११ चीच लोकसंख्या आहे. वीस लाखांवरच्या १९ शहरांत आपली तीन: मुंबई १८४.१ लाख, पुणे ५०.५ लाख, नागपूर २५ लाख. पुण्यात त्या अकरा वर्षांत हिंजवडीपासून वाघोलीपर्यंत किती माणसं वाढली ते पुणेकरांना सांगायला नको. गुन्हे आजचे आणि माणसं २०११ ची, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या शहराचा दर फुगलेला दिसणार.

आता मुंबई. बृहन्मुंबईची २०११ ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. मग १८४.१ लाख कुठून आले? तो मुंबई नागरी समूहाचा आकडा आहे. ठाणे, कल्याण, नवी मुंबई, मीरा-भाईंदर सगळं त्यात. मुंबई पोलीस आयुक्तालयाची हद्द मात्र बृहन्मुंबईची. तेव्हा भागाकारातला वरचा आकडा, म्हणजे गुन्ह्यांचा, कोणत्या हद्दीतला, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. समजा, मुंबई आयुक्तालयात एखाद्या प्रकारचे १०,००० गुन्हे नोंदले गेले. १८४.१ लाखांनी भागलं तर दर ५४, १२४.४ लाखांनी भागलं तर ८०. एका भाजकाने मुंबई एक तृतीयांशाने जास्त ‘सुरक्षित’ झाली.

पुण्यात हद्दीचा घोळ आणखी एका कारणाने होतो. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय ऑगस्ट २०१८ मध्ये वेगळं झालं. त्याआधी तिथली पोलीस ठाणी पुणे शहर पोलिसांकडे होती. २०१७ आणि २०१९ चे पुणे शहराचे आकडे शेजारी ठेवले तर गुन्हे घटलेले दिसू शकतात. प्रत्यक्षात ठाणी नव्या आयुक्तालयाकडे गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय झालं तेव्हा ठाणे ग्रामीण आणि पालघरच्या बाबतीत हेच. दोन वर्षांची तुलना करण्याआधी ‘हद्द तीच आहे ना?’ हा प्रश्न सवयीचा करून घ्या. नागपूरला ‘क्राइम कॅपिटल’ म्हणणाऱ्यांनी तर नक्कीच. २५ लाखांच्या शहरात दहा-वीस खून इकडचे तिकडे झाले की महानगरांच्या यादीत नंबर वर-खाली होतो.

लहान आकड्यांचा धोका जिल्ह्यांत जास्त. सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास. तिथे एका वर्षी आठ आणि पुढच्या वर्षी बारा खून झाले, असं समजा. ‘खुनांत ५० टक्के वाढ’ असं लिहिता येतं, पण एका जमिनीच्या वादात दोन जीव गेले तरी हा टक्का हलतो. वर्षाचा आकडा पन्नासच्या खाली असेल तर मी टक्केवारी लिहीत नाही. पाच वर्षांचे आकडे सरळ मांडतो. पन्नासच का, तर काही शास्त्र नाही, कुठेतरी रेघ मारायची म्हणून.

तिसरी पायरी: हा गुन्ह्यांचा आकडा नाही, नोंदींचा आहे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पोलीस ठाण्यात गेलेल्या माणसाची तक्रार तक्त्यात पोहोचेपर्यंत किती वळणं घेते बघा. लोकलमध्ये मोबाइल गेला. माणूस ठाण्यात जातो. अंमलदार विचारतो, ‘चोरताना पाहिलंत का? मग पडला असेल.’ फोन ‘गहाळ’ म्हणून नोंदवला की तो चोरीच्या आकड्यात येत नाही. शेजाऱ्याने कानाखाली मारली, तर बहुतेकदा अदखलपात्र, म्हणजे एनसी (न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशी तक्रार). ती या दखलपात्र गुन्ह्यांच्या बेरजेत नाही. सायबर फसवणुकीत १९३० या मदत क्रमांकावर फोन केला, ऑनलाइन तक्रार टाकली, पण एफआयआर झाला नाही, तर तेही बाहेर. देशात अशा तक्रारी लाखांनी होतात. २०२२ मध्ये सायबर गुन्ह्यांचे नोंदलेले एफआयआर होते ६५,८९३. त्यातले १५,२९७ एकट्या तेलंगणात, महाराष्ट्रात ८,२४९. मुंबई-पुण्यासारखी शहरं असलेल्या राज्यात तेलंगणाच्या जवळपास निम्मीच फसवणूक होते, यावर विश्वास ठेवायचा, की तिथले पोलीस जास्त एफआयआर नोंदवतात असं म्हणायचं?

शिवाय प्रमुख गुन्ह्याचा नियम आहे. एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी ज्याला सर्वांत जास्त शिक्षा, त्या एकाच कलमाखाली तो मोजला जातो. हुंडाबळीच्या प्रकरणात ३०४-ब आणि ४९८-अ दोन्ही लागतात, पण मोजणी हुंडाबळीत. त्या बाईने मरण्याआधी सोसलेला छळ ‘पतीकडून क्रौर्य’ या रकान्यात दिसणार नाही.

नोंद किती फसवू शकते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. २०२२ मध्ये महिलांवरील गुन्ह्यांचा दर केरळात ८२.०, बिहारमध्ये ३३.५. यावरून बिहार केरळपेक्षा अडीचपट सुरक्षित ठरतो. आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घ्या, पाचवी फेरी, २०१९ ते २१. यात सर्वेक्षक घरी जाऊन, एकांतात, बायकांनाच विचारतात. १८ ते ४९ वयाच्या विवाहित (किंवा कधीकाळी विवाहित) स्त्रियांपैकी नवऱ्याकडून हिंसा सोसलेल्या बिहारमध्ये ४० टक्के, केरळात ९.९ टक्के. चित्र पार उलटं. दोन्ही मोजमापं एकाच गोष्टीची नाहीत. सर्वेक्षणात घरातली हिंसा आहे, पोलिसांच्या तक्त्यात रस्त्यावरचा विनयभंगही. पण पोलिसांच्या तक्त्यातही सर्वांत मोठा वाटा, ३१.४ टक्के, पती आणि सासरच्या छळाचाच आहे. तेव्हा इतकी तफावत येते ती मुख्यतः ठाण्याची पायरी कोण चढतं आणि चढल्यावर कागद होतो का, यातून.

त्याच सर्वेक्षणात देशभर हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कुणाची तरी मदत मागितली. ‘कुणाची तरी’ म्हणजे बहुतांशी माहेरची. पोलीस यादीत फार खाली. महाराष्ट्रात नवऱ्याकडून हिंसा सोसलेल्यांचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांश. ४५,३३१ या आकड्याने हादरायचंच असेल तर तो किती लहान आहे यानेही हादरता येईल.

म्हणून कोणताही आकडा पाहिला की एक साधा प्रश्न: हा कागदावर यायला कुणाला काय करावं लागलं? खुनात प्रेत असतं, लपवणं अवघड, म्हणून राज्याराज्यांत तुलना करायला खून त्यातल्या त्यात भरवशाचा (केरळ ०.९, बिहार २.३). वाहनचोरीत विम्यासाठी एफआयआर लागतो, म्हणून लोक जातातच. बलात्कार, घरगुती छळ, जातीय अत्याचार यांत तक्रारदाराला समाजाशी भांडून यावं लागतं. आणि अमली पदार्थ, दारूबंदी, जुगार यांत बहुधा तक्रारदारच नसतो, पोलीस स्वतः धाड घालतात. तो आकडा पोलिसांच्या कामाचा आहे. २०२२ मध्ये अमली पदार्थांचे गुन्हे केरळात २६,६१९ आणि पंजाबात १२,४४२. यावरून केरळ पंजाबच्या दुप्पट व्यसनी, असं कुणी म्हटलं तर त्याला धाडी कोण घालतं ते विचारा.

एनसीआरबी स्वतः अहवालाच्या सुरुवातीलाच बजावतं की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तो परिच्छेद मथळ्यात कधी येत नाही.

चौथी पायरी: वाढ दिसली की कायदा आणि वर्ष तपासा

२०१२ मध्ये देशात बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले, २०१३ मध्ये ३३,७०७. दिल्लीत ७०६ वरून १,६३६. एका वर्षात दिल्लीतले पुरुष दुपटीने बिघडले असं कुणी म्हणणार नाही. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २०१३ मध्ये कायदा बदलला, व्याख्या रुंदावली, संमतीचं वय १६ वरून १८ झालं, गुन्हा नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसालाच शिक्षेची तरतूद आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्याचा एफआयआर बंधनकारक ठरवला. आणि मुख्य म्हणजे बायका बोलायला लागल्या. ही वाढ वाईट बातमी नव्हती.

२०२० चं उलट. एकूण गुन्हे २८ टक्क्यांनी वाढून ६६ लाखांवर गेले. लोक घरात कोंडलेले असताना? कलम १८८, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचे गुन्हे, २९,४६९ वरून ६,१२,१७९ झाले. मास्क, संचारबंदी, विनाकारण फिरणं. त्याच वर्षी महिलांवरील गुन्हे ८.३ टक्क्यांनी ‘घटले’, कारण छळ करणारा चोवीस तास घरात आणि ठाण्यापर्यंत जायला वाहन नाही. म्हणून २०२० हे वर्ष तुलनेचा पाया म्हणून कधी धरू नका. २०२० ते २०२२ अशी वाढ दाखवणारा आलेख दिसला की २०१९ चा आकडा मागा.

पाचवी पायरी: ‘आरोपी कोणत्या समाजाचे?’

इथे आकडेवारीचा सगळ्यात घाणेरडा वापर होतो. ‘क्राइम इन इंडिया’त आरोपींची धर्मवार किंवा जातवार गुन्हेगारी दिलेली नाही. फॉरवर्डमध्ये जे फिरतं ते बहुतेक वेळा तुरुंगांच्या वेगळ्या अहवालातून उचललेलं असतं, ‘प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया’मधून. त्यात कैद्यांचा धर्म आणि प्रवर्ग असतो. पण २०२२ अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. जामिनाची रक्कम आणि जामीनदार ज्याच्याकडे नाही तो आत राहतो. त्या आकड्यातून गरिबी मोजली जाते, पोलीस कुणाला आधी उचलतात ते मोजलं जातं. कुठला समाज गुन्हेगार, हे त्यातून निघत नाही.

महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको, कारण पारध्यांचा इतिहास आपल्यासमोर आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांतून आणि ठाण्याच्या सवयीतून संशय उरला. गावात घरफोडी झाली की आधी पालावर जायचं. जिथे शोधायचं तिथेच सापडणार, सापडलं की आकडा वाढणार, आणि आकडा दाखवून पुन्हा तिथेच शोधणार.

‘परप्रांतीयांमुळे गुन्हे वाढले’ हा दावा तपासायचा असेल तर तीन गोष्टी लागतात: अटक झालेल्यांत त्यांचा वाटा, त्या शहराच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा, आणि वय. कामासाठी आलेल्यांत तरुण पुरुष जास्त असतात, आणि कुठल्याही समाजात अटक जास्त होते ती तरुण पुरुषांनाच. मुंबईतल्या परप्रांतीय तरुणांची तुलना मुंबईतल्याच इतर तरुणांशी करा, आजी-आजोबांसकट सगळ्या मुंबईकरांशी नको. तीनपैकी एक आकडा नसेल तर दावा लिहूच नका.

सहावी पायरी: शिक्षेचा दर आणि ‘खोट्या केसेस’

शिक्षेचा दर त्या वर्षी नोंदलेल्या गुन्ह्यांवर काढत नाहीत. त्या वर्षी न्यायालयात निकाल लागलेल्या खटल्यांपैकी किती प्रकरणांत शिक्षा झाली, तो हा दर. निकाल लागलेले खटले चार, आठ, दहा वर्षं जुने असतात. त्यामुळे चालू गृहमंत्र्यांना त्याचं श्रेय किंवा दोष देणं दोन्ही हास्यास्पद.

आणि ‘शिक्षा झाली नाही म्हणजे केस खोटी’ हे साफ चूक. पुरावा कमी पडला, साक्षीदार फिरला, फिर्यादीने तडजोड केली, यातून निर्दोष सुटका होते. तपासातच प्रकरण बंद झालं तर आपल्याकडे समरी जाते: अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही, ब म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी, क म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. तिन्ही एकत्र करून ‘इतके टक्के खोट्या’ म्हणणारे भेटतात. अहवालात हे रकाने वेगळे आहेत. ‘खोटी’ असं लिहिलेलाच रकाना घ्या.

मग लिहायचं कसं?

सुरुवातीच्या मथळ्यावर परत काम करू. मी असं लिहीन: ‘महाराष्ट्रात २०२२ मध्ये महिलांवरील अत्याचाराचे ४५,३३१ गुन्हे नोंदले गेले, लाख महिलांमागे ७५; देशाची सरासरी ६६. नोंदीचं प्रमाण राज्याराज्यांत वेगळं असल्याने यावरून राज्यांची क्रमवारी लावता येत नाही.’ ‘झाले’ऐवजी ‘नोंदले गेले’, संख्येसोबत दर, दरासोबत सरासरी, आणि काय म्हणता येत नाही तेही त्याच परिच्छेदात. उपसंपादक शेवटचं वाक्य कापायला बघेल. भांडा.

२०२४ पासूनच्या अहवालांत एक नवीन खड्डा आहे, तो माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, चोरीचं ३७९ आता ३०३, बलात्काराचं ३७६ आता ६४. २०२४ या एका वर्षात पहिले सहा महिने जुन्या कलमांखाली, पुढचे नव्या. २०२३ शी तुलना करायची तर दोन्ही रकाने हाताने जोडून घ्यावे लागतील. काही गुन्हे तर नव्यानेच वेगळे झालेत. सोनसाखळी खेचली की आपल्याकडे पूर्वी बहुधा जबरी चोरी लागायची. आता हिसकावून नेण्याला ३०४ हे स्वतंत्र कलम आहे. तेव्हा कुणी पत्रकार परिषदेत ‘जबरी चोऱ्या लक्षणीय घटल्या’ असा तक्ता दाखवला, तर आधी ३०४ खालचे गुन्हे किती, ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत बातमी थांबवा.